मुक्काम पोस्ट आपलीच शाळा

चौथीचं निवासी शिबिर सदाशिव पेठेतल्या शाळेतून निघतं आणि दिवसभर शहर पालथं घालून मुक्कामाला सदाशिव पेठेतल्या त्याच शाळेत येतं. निम्म्या मुलांची घरं शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तरी आदल्या रात्री घरोघरी जी बांधाबांध चालते, ती पाहून शेजाऱ्यांना वाटावं, पोरगं कैलास-मानसरोवराला निघालं. दोन दिवस आणि मधली एक रात्र, एवढ्यासाठी तीन स्वेटर, दोन कानटोप्या, ओव्याची पुरचुंडी, आणि ‘असू दे, लागलं तर’ या सदराखाली उरलेलं घर.

शाळेचं सूचनापत्रक आठवडाभर आधीच आलेलं असतं. चादर, पांघरूण, ताट-वाटी-पेला, टॉर्च, वही-पेन्सिल. मोबाइल आणू नये. पैसे आणू नयेत. खाऊ आणू नये. यातलं शेवटचं वाक्य प्रत्येक आई ‘जास्त’ हा शब्द मनातल्या मनात घालून वाचते, त्यामुळे चाळीस सॅकांत मिळून एका छोट्या वाण्याच्या दुकानाचा ऐवज गोळा होतो.

पत्रकानंतर पालकसभा. गरम पाणी मिळणार का, हॉलच्या खिडक्यांना जाळ्या आहेत का, आमचा डाव्या कुशीवर झोपला की बडबडतो, हे सगळं बाई लिहून घेतात. मग मागच्या रांगेतले एक बाबा उठून विचारतात, “रात्री लाइव्ह लोकेशन शेअर कराल का ग्रुपवर?” बाई क्षणभर थांबतात. “शाळेचं?” त्या विचारतात.

मुलांना दप्तराबाहेर काढायची कल्पना आता सरकारदरबारीही मान्य आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे असावेत असं सुचवलं. चौथीला कुणी विचारलं नाही, तरी चौथी ते आधीपासून करतेच आहे. त्याच्याही कितीतरी आधी, 1916 साली, बेडन-पॉवेलनं स्काउटच्या धाकट्या भावंडांसाठी कब पथकं काढली आणि त्यांच्या खेळांना किपलिंगच्या ‘जंगल बुक’ची गोष्ट दिली. कब शिक्षकाला ‘अकेला’ म्हणतात ते तिथल्या लांडग्यावरून. ते जंगल आपल्या नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सिवनीचं. पण जंगलातलं शिबिर तसं सोपं. मोगली हरवला तर त्याला सांभाळायला अस्वल होतं, बिबट्या होता. लक्ष्मी रस्त्यावर चौथीतला मुलगा हरवला तर तिथे फक्त साड्यांची दुकानं आहेत.

म्हणून शहरातल्या शिबिराचा मुख्य उपक्रम वेळापत्रकात कुठेही लिहिलेला नसतो. तो म्हणजे शिरगणती. निघताना, रस्ता ओलांडण्याआधी, ओलांडल्यावर, पाणी पिण्याआधी, पाणी प्यायल्यानंतर जे काही करावं लागतं त्याच्या आधी आणि नंतर. पीटीचे सर बोटांनी मोजतात, बाई ओठांनी मोजतात, आणि सोबतीला आलेल्या मावशी “आहेत सगळी” असं न मोजताच सांगतात. तिघांचे आकडे क्वचित जुळतात. मावशींचा सहसा बरोबर निघतो.

मोजणी सोपी जावी म्हणून आठ-आठ मुलांचे पाच गट करतात आणि गटांना गडांची नावं देतात: शिवनेरी, राजगड, तोरणा, सिंहगड, पुरंदर. कागदावर हे फार स्फूर्तिदायक दिसतं. प्रत्यक्षात दिवसभर कानावर येतं ते असं: “बाई, तोरणा ढकलतोय.” “सिंहगडाच्या चपलेचा अंगठा तुटला.” “राजगडाला जोराची लागलीये.” पुरंदरचे वीर मात्र इतिहासाला जागतात. 1665च्या तहात महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं. त्यामुळे पहिल्या तासातच ते तोरण्याशी तह करतात: दोन डिंकाचे लाडू द्यायचे आणि परतीच्या बसमध्ये खिडकी घ्यायची. महाराजांपेक्षा बऱ्या अटींवर सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नाही.

पहिला मुक्काम राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्याच्या या टोकाहून त्या टोकाला रोज शाळेच्या व्हॅनमधून जाणाऱ्या मुलांना ही इमारत इथे आहे याचाच पत्ता नसतो. दोघादोघांची जोडी करून, हात धरून, रांगेत चाललं की ओळखीचा रस्ताही परगावचा होतो. एक जण तर स्वतःच्याच आजोबांना रस्त्यात पाहून दचकतो. आजोबा दूध घेऊन घरी निघालेले असतात. शिबिरात असल्यामुळे तो त्यांना ओळख दाखवत नाही.

दिनकर केळकर चष्म्यांचा व्यवसाय करत, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहीत आणि उरलेलं आयुष्य देशभर हिंडून जुन्या वस्तू गोळा करत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं. वस्तू वीस हजारांहून जास्त, आणि जागेअभावी त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. बाई हे सगळं मनापासून सांगतात. मुलंही मनापासून ऐकतात आणि मग विचारतात, “यांची आई रागवायची नाही का, एवढा पसारा केल्यावर?” हा प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, वाद्यं, दरवाजांच्या अख्ख्या चौकटी असं सगळं घरात आणून ठेवणाऱ्या माणसाच्या घरच्यांचं काय म्हणणं असेल, याबद्दल मोठी माणसं सभ्यपणे गप्प बसतात.

पेशवेकालीन चित्रांसमोर बाईंनी दहा मिनिटं धरलेली असतात. ती चित्रं दोन मिनिटांत उरकतात. वर्ग थबकतो तो पितळी वज्रींच्या कपाटासमोर. टाचा घासायला मोर, घोडे, आणि एकापेक्षा एक नक्षी! “एवढं सुंदर, आणि पाय घासायला?” असं एक मुलगी म्हणते आणि लगेच वहीत मोराची वज्री काढायला बसते. उपक्रमपत्रिकेत ‘आवडलेल्या ऐतिहासिक वस्तूचं चित्र काढा’ असं असतं. चाळीसपैकी निदान पंधरा वह्यांत वज्री येते, आणि एका वहीत संग्रहालयाचा पंखा.

दुपारचं जेवण शाळेत. पालक-शिक्षक संघातल्या चार आया सकाळपासून स्वयंपाकाला लागलेल्या असतात, पण ‘मुलांना स्वावलंबनाची सवय’ या कलमामुळे त्यांनी समोर यायचं नाही, असं ठरलेलं असतं. त्यामुळे त्या प्रयोगशाळेच्या दाराआडून पाहतात. मसालेभात, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर, जिलबी. घरी भातातली मटार वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावणारी मुलं इथे वाढप्यासमोर ताट दुसऱ्यांदा धरतात. ताटं मुलांनीच घासायची. ती घासून झाल्यावर मावशी पुन्हा घासतात.

दुपारी ऐतिहासिक पुणे. इथे शिक्षण खात्यानं एक मौज करून ठेवली आहे. चौथीच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या शिवछत्रपतींचं चरित्र शिकवलं जातं, पेशवे पुढच्या इयत्तांत. त्यामुळे लाल महालात शिरताना या मुलांचा अभ्यास गाइडपेक्षा पक्का असतो. 5 एप्रिल 1663ची रात्र त्यांना तोंडपाठ असते. शाहिस्तेखान कुठे झोपला होता, मावळे कुठून शिरले, किती बोटं तुटली, सगळं. बाई पुन्हा पुन्हा सांगतात की मूळ लाल महाल केव्हाच नाहीसा झाला आणि ही इमारत महापालिकेनं गेल्या शतकात उभारली. पण मुलं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतात. त्यांचा शोध चालू असतो. “बोटं खिडकीच्या आत पडली की बाहेर?” सिंहगड गट आतली बाजू तपासतो, शिवनेरी बाहेरची. पहारेकरी काका आधी ओरडतात, मग कारण कळल्यावर स्वतःही वाकून बघतात.

तिथून पाच मिनिटांवर शनिवारवाडा, आणि इथे मात्र अभ्यासाचा आधार सुटतो. बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी केली, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, हे बाईंनी कार्डावर लिहून आणलेलं असतं. दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तींनी धडक मारू नये म्हणून आहेत, हे मुलांना आवडतं. लगेच राजगडातला एक जण डोकं खिळ्याच्या जवळ नेऊन पाहतो आणि आपण हत्तीच्या निम्मेही नाही असा निष्कर्ष नोंदवतो. 1828च्या आगीत आतला वाडा जळाला, आग सात दिवस धुमसत होती, असं सांगितल्यावर चटकन प्रश्न येतो, “मग 101ला फोन का नाही केला?” पण हे सगळे प्रश्न खऱ्या प्रश्नाच्या आधीची वाट पुसण्यासाठी असतात. खरा प्रश्न पुरंदरचा गटप्रमुख सगळ्यांच्या वतीनं विचारतो. “बाई, ‘काका मला वाचवा’ नक्की किती वाजता ऐकू येतं?”

नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी दिवसाढवळ्या झाला, हे बाई सांगतात. त्यानं मुलांचं समाधान होत नाही. दुपारी मेलेल्या माणसानं रात्री ओरडावं, ही गैरसोय त्यांना पटत नाही, तरी सोडवतही नाही. विषय रात्रीसाठी राखून ठेवला जातो. बाईंना तेव्हाच कळतं की आज झोप नाही.

लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात मात्र शिबिराचा सगळ्यात कठीण उपक्रम असतो: घरी पत्र लिहिणे. पोस्टकार्ड अजूनही 50 पैशांना मिळतं. पन्नास पैशांचं नाणं मुलांनी कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे चाळीस पत्रांचे वीस रुपये कसे, यावरच गणिताचा एक तास सहज होतो. खरी पंचाईत पुढे. मजकूर सगळ्यांना सुचतो, पत्ता कुणालाच येत नाही. आईचा मोबाइल नंबर पाठ, वायफायचा पासवर्ड पाठ, गेटवरच्या वॉचमन काकांचं गाव पाठ. पण घराचा पत्ता विचारला की उत्तर येतं, “चितळेंच्या दुकानावरून सरळ, मग डावीकडे.” सोसायटीचं नाव एकजण ‘बी विंग’ असं लिहितो. पेठेचं नाव लिहायचं असतं हे ऐकून दुसरा म्हणतो, “पण पोस्टमनला माहितीच असेल ना, आम्ही कुठे राहतो ते.”

आणि पिनकोड! ही सहा आकड्यांची व्यवस्था एका मराठी माणसानं उभी केली. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. संस्कृत कवीनं आकडे जुळवले ते वृत्तात बसवावेत इतक्या नेटानं, असं एखाद्या बाईंच्या मनात येतं, पण चौथीला वृत्त शिकवायला अजून वेळ असतो. सदाशिव पेठेचा 411030 फळ्यावर लिहून दिला की सगळे उतरवून घेतात. त्यात धायरीचा आणि बिबवेवाडीचाही मुलगा असतो.

परतीला मेट्रो. मंडई स्थानकातून बसायचं, सिव्हिल कोर्टला मार्ग बदलायचा आणि डेक्कनला उतरायचं. पुणेकरांना आपल्या मेट्रोबद्दल जो काही अभिमान आहे, त्याचा शैक्षणिक तपशील बाईंकडे तयार असतो. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक जमिनीखाली तेहतीसेक मीटर, देशातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी एक. संभाजी उद्यान आणि डेक्कन स्थानकांचे छत मावळी पगडीच्या धाटणीचे. पण चाळीस मुलांना मेट्रोत चढवणं ही शिक्षणशास्त्रात न येणारी गोष्ट आहे, कारण दरवाजे बाईंसाठी थांबत नाहीत. प्रत्येक दाराशी एक मोठं माणूस आणि एक गड अशी नाकेबंदी होते. फलाटावर गड राहिला तर तो परत मिळवायला तह नाही, पुढची गाडी. पीटीचे सर शिट्टी वाजवतात. मेट्रोचे सुरक्षारक्षक त्यांच्याकडे येतात आणि शिट्टी न वाजवण्याबद्दल सांगतात. मुलांच्या दृष्टीनं हा दिवसातला सर्वोच्च क्षण. सरांना कुणीतरी रागावलं! त्यानंतर सरकता जिना. घरी गेल्यावर ‘काय पाहिलंस?’ या प्रश्नाला बहुतेकांचं पहिलं उत्तर हाच जिना असतो, आणि तेहतीस मीटर खोली मुलांना कळते तीही त्याच्यामुळेच, कारण जिना संपतच नाही.

रात्री गच्चीवर आकाशदर्शन. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944पासून लोकांना आकाश दाखवते आहे. दुर्बीण घेऊन येणारा कुणी हौशी दादा किंवा ताई अशा शिबिरांना हमखास मिळतात. पेठेतल्या आकाशात तारे मोजकेच, त्यामुळे शिरगणतीला सोपे. पूर्वेला मृग नक्षत्र. गुरू दिसत असेल तर दुर्बिणीतून त्याचे चार चंद्र, जे गॅलिलिओनं 1610 साली पाहिले. मुलं रांगेनं डोळा लावतात आणि “दिसले” म्हणतात. झाकण लावलेलं होतं हे नंतर कळतं, तोवर अख्ख्या तोरणा गटाला चार चंद्र दिसून गेलेले असतात.

मग राजगडातल्या एकीला दुर्बिणीशिवाय काहीतरी दिसतं. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत. “ती माझी आई!” आईनं मोबाइलचा दिवा लावून हलवलेला असतो. चाळीस टॉर्च एकदम त्या दिशेला वळतात. पाच मिनिटांत आणखी दोन गॅलऱ्यांतून उत्तर येतं. आकाशदर्शन संपतं, गॅलरीदर्शन सुरू होतं. मुलीला तोवर घरची आठवण आलेली नसते. आता येते. बाई तिला जवळ घेतात आणि दुसऱ्या हातानं ग्रुपवर लिहितात, “कृपया सर्व पालकांनी गॅलरीतील दिवे बंद करून आत जावे.”

झोपायची वेळ दहाची. पण कुणीतरी आकाशदर्शनाच्या दादाला विचारून ठेवलेलं असतं की सप्तर्षी कुठे आहेत. डिसेंबरात ते इमारतींच्या वर डोकं काढतात ते मध्यरात्रीच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी ‘आयुका’च्या ज्या विज्ञान शोधिकेत जायचंय, तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली आणि नावात पु. ल. आणि सप्तर्षींतला एक तारा असे दोघेही बसले. एवढी माहिती चौथीच्या हाती लागल्यावर काय होणार? “बाई, उद्या जिथे जायचंय तो तारा आज बघायला नको का?” या युक्तिवादाला उत्तर नाही. बारापर्यंत जागं राहण्याला इतकं शास्त्रीय कारण आजवर कुणी दिलेलं नसेल. काकांना हाका मारणाऱ्या नारायणरावांचा विषय मधल्या दोन तासांत पुरवून पुरवून वापरला जातो. बाराच्या ठोक्याला पुलस्त्य बघायला फक्त पीटीचे सर आणि वॉचमन काका उठून गच्चीवर जातात. मुलं झोपलेली असतात. डाव्या कुशीवर झोपलेला एक जण सिव्हिल कोर्ट, सिव्हिल कोर्ट असं बडबडत असतो.

सकाळी पर्वती. पायऱ्या 103, असं सगळीकडे लिहिलेलं. मुलांनी मोजल्या तर 97पासून 118पर्यंत काहीही येतं, आणि प्रत्येक आकड्याचे समर्थक हिरिरीनं भांडतात. बाई त्यात पडत नाहीत. त्या वर पोहोचलेल्या मुलांना मोजत असतात.

आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका हा शिबिराचा कळस. अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं इथे बसून टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, मुलांना करायला लावली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या, वर्तमानपत्राच्या टोप्या, आणि स्ट्रॉची पिपाणी. स्ट्रॉचं टोक दाबून चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं आणि फुंकायचं. एवढ्यानं ध्वनी, कंपन, हवेचा स्तंभ हे सगळं शिकून होतं. कात्रीनं स्ट्रॉ थोडी थोडी कापत गेलं की सूर चढत जातो. चाळीस मुलांनी एकाच वेळी हा प्रयोग केला की काय होतं, हे शास्त्रज्ञांना ठाऊक असतं. ते हसतमुखानं दार लावून घेतात.

याच आयुकाची उभारणी ज्यांनी केली त्या जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली की ते म्हणत, पोस्टकार्डवर एखादा विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. 2025च्या मे महिन्यात ते गेले. बाई हे सांगतात तेव्हा पुरंदरचा गटप्रमुख गंभीरपणे विचारतो, “म्हणजे त्यांना सगळ्यांचे पत्ते माहीत होते?” कालच्या सिटी पोस्टाचा घाव अजून ओला असतो.

परतीच्या बसमध्ये चाळीस पिपाण्या. पुरंदर तहाप्रमाणे खिडकीत. युनिव्हर्सिटी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बस अडकते तेव्हा शेजारच्या दुचाकीवाल्यांना काही क्षण आपलाच हॉर्न बिघडला असं वाटतं. शाळेच्या दारात पालक तासभर आधीपासून उभे असतात. शेवटची शिरगणती होते आणि आकडा एक्केचाळीस येतो. पुन्हा मोजतात. एक्केचाळीस. शिवनेरीच्या रांगेत कुणाचा तरी पहिलीतला भाऊ घुसून पिपाणी मागत असतो.

पत्रं गुरुवारपासून घरी पोचू लागतात. बरीचशी 411030 लिहिल्यामुळे शेजारच्या पेठांतून फिरून येतात. जी नीट पोचतात त्यातलं एक त्या चार आयांपैकी एकीच्या हातात पडतं, जी त्या दिवशी सकाळी सहापासून शाळेत तीन किलो तांदळाच्या पातेल्यासमोर उभी होती. मजकूर असा: ‘प्रिय आईस, सा. न. मी मजेत आहे. आज मसालेभात होता. तुझ्यापेक्षा छान होता. तू त्या काकूंना विचारून घे.’